गच्चीवरचं पावसाळी हरितगृह: ६ × ९ फुटांचा सांगाडा घरच्या घरी

हरितगृह बांधायच्या ज्या रीती आपल्या वाचनात येतात, त्यातल्या बऱ्याच थंड मुलखातल्या असतात. तिथे रोपांच्या जिवावर उठते ती थंडी. लेहला हिवाळ्यात पारा उणे २० च्या आसपास उतरतो. म्हणून तिकडे दक्षिणेला प्लास्टिकचा उतार घालतात आणि उत्तरेला मातीची जाड भिंत उभी करतात. दिवसभराचं ऊन भिंतीत साठतं आणि रात्री तीच भिंत रोपांना ऊब देते. फटी बुजवायच्या, ऊब कोंडून धरायची, हे तिथलं सूत्र. तिथलं हरितगृह ही रोपांची गोधडी असते.

मुंबईत रोपांवर गोधडी घातली तर ती उकडून मरतात. सांताक्रूझला नोंदलेला नीचांक ७.४ अंशांचा, आणि तोसुद्धा २२ जानेवारी १९६२ चा. आपल्याकडे रोपांना गोठण्याची भीती नाही. त्यांना झोडपतो तो पाऊस, आणि भाजतं ते मार्च ते मे आणि ऑक्टोबरचं ऊन. म्हणून इथे हवी ती छत्री: वरून झाकलेली, बाजूंनी मोकळी, वाऱ्यात न उडणारी. सांगाडा बारा महिने तोच ठेवायचा, त्यावरचं आवरण मात्र ऋतूप्रमाणे बदलायचं. पुढचं सगळं मोजमाप या एका गोष्टीभोवती बेतलेलं आहे.

जागा, परवानगी आणि वजन

सोसायटीची गच्ची सामायिक असते. आधी लेखी परवानगी घ्या, आणि छपराला पालिकेची परवानगी लागते का ते वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या. अर्जात दोन गोष्टी ठळक लिहा: गच्चीला एकही भोक पाडणार नाही, आणि सगळा सांगाडा नट-बोल्टचा, सुटा होणारा आहे. वरच्या मजल्यावरच्या घरात गळती सुरू झाली की दोष गच्चीवरच्या बागेलाच लागतो. त्यामुळे खांब गच्चीत रोवायचेच नाहीत, ते वजनावर उभे करायचे.

वजनाचा हिशेब कागदावर मांडा. वावर असलेल्या आरसीसी गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो धरून आराखडा केलेला असतो. ६ × ९ फूट म्हणजे ५ चौरस मीटर, म्हणजे ७५० किलोंची मर्यादा. आपला सांगाडा ६० किलो, पायाच्या सहा बादल्या मिळून २६० किलो, आणि ओल्या मातीच्या २० किलोच्या पंधरा पिशव्या ३०० किलो. एकूण ६२० झाले. यापुढे हौसेनं कुंड्या वाढवत जाऊ नका. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या असतील किंवा छताला आधीच तडे असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एकही बादली वर चढवू नका.

दिशा ठरवताना पावसाळी वारा डोळ्यांपुढे ठेवा. मुंबईत तो पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. म्हणून ९ फुटांची बाजू उत्तर-दक्षिण ठेवायची, छप्पर पडवीसारखं एकपाखी करायचं, बुटकी बाजू पश्चिमेला आणि उंच बाजू पूर्वेला. वारा बुटक्या बाजूवरून वर सरकत निघून जातो, आणि आतली गरम हवा पूर्वेच्या उंच, उघड्या तोंडातून बाहेर पडते. उलटं बांधलंत तर पहिल्याच वादळी पावसात वारा तोंडातून आत शिरून छप्पर फुग्यासारखं फुगवेल.

सामान

पाइपाबद्दल आधी बोलू, कारण खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. नळाचा पीव्हीसी पाइप स्वस्त आणि हलका असतो, त्याच्या कमानी सहज वाकतात, म्हणून मोह होतो. पण दोन-तीन उन्हाळ्यांत तो ठिसूळ होतो, आणि पीव्हीसीला टेकलेली पॉलिथिन फिल्म टेकलेल्या रेषेवरच आधी कुजते. बांबू चालतो. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असल्यानं सगळ्यात चांगला, वखारीत त्याच नावानं मागा. मात्र गच्चीवरच्या पावसात बांबूची दर वर्षी तपासणी करावी लागते आणि दोऱ्या बदलाव्या लागतात. खरा टिकाऊ पर्याय पाऊण इंची जीआय (जस्ताचा थर चढवलेला लोखंडी) पाइप, 'बी' क्लास, म्हणजे निळ्या पट्ट्याचा. पिवळ्या पट्ट्याचा 'ए' क्लास पातळ असतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो लवकर जातो.

एकूण यादी अशी:

– पाऊण इंची जीआय पाइप, ६ मीटरचे ७ नग. पाइप किलोवर विकला जातो आणि दर सारखा हलतो, म्हणून भाव विचारताना ६७ ते ७० किलो धरा. भंगारवाल्याकडे जुने सरळ पाइप मिळाले तर निम्म्याच्या आसपास काम होतं, फक्त आतून गंजलेले नाहीत हे टोकातून टॉर्च मारून बघा.
– १ इंची जीआय पाइप, दीड फुटाचे ६ तुकडे.
– रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या ६ बादल्या.
– सिमेंटची एक गोणी, वाळू आणि बारीक खडी.
– ६ मिमी जाडीचे बोल्ट: ७० मिमी लांबीचे ३०, ५० मिमीचे ८. सोबत नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे) आणि दुहेरी वॉशर. समुद्राजवळ राहत असाल तर बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या.
– २०० मायक्रॉनची यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारी) पॉलीहाऊस फिल्म, साडेतीन मीटर × साडेतीन मीटर.
– ५० टक्के शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी), छपराला आणि पश्चिम बाजूला पुरेल इतकी. पट्टीच्या धाग्यापेक्षा गोल धाग्याची, म्हणजे 'मोनो' घ्या, जास्त टिकते.
– फिल्म अडकवायचं जीआय प्रोफाइल (खाच असलेली पट्टी) आणि त्या खाचेत फिल्म दाबून धरणारी झिगझॅग स्प्रिंग, ११ मीटर, आणि ते बसवायला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू.
– ३ मिमी पॉलिएस्टर दोरी, ४० मीटर. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, ती टाळा.

नट-बोल्ट, क्लॅम्प, ड्रिलचं पातं हे सगळं नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत मिळतं. फिल्म आणि शेडनेट मात्र शेती-साहित्याच्या दुकानातूनच घ्या. बाजारात 'जाड पारदर्शक प्लास्टिक' म्हणून जे मीटरवर मिळतं, त्यात यूव्हीचा अंश नसतो. ते एका हंगामात पिवळं पडतं आणि घडीवर फाटतं. निळी ताडपत्री तर मुळीच नको. जुलैचं आभाळ आधीच काळवंडलेलं असतं. त्यात ताडपत्री घातली की रोपं उजेड शोधत लांबट, फिक्या दांड्यांची होतात आणि कोलमडतात.

पायाच्या बादल्या

हे काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, कारण काँक्रीटला वेळ लागतो. प्रत्येक बादलीच्या तळाला मध्यभागी बोटभर भोक पाडा. त्यावर १ इंची पाइपाचा तुकडा उभा धरा आणि भोवती काँक्रीट भरा: एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. बादली काठापासून चार बोटं रिकामी ठेवा. साधारण १८ लिटर काँक्रीट मावतं आणि एका बादलीचं वजन ४३ किलोंच्या आसपास जातं. एका गोणीत सहाही बादल्या होऊन थोडं सिमेंट उरतं. बादल्या गच्चीवर, जागच्या जागीच भरा, भरल्यावर उचलणं कंबरेच्या जिवावर येतं.

तुकडा ओळंब्यात आहे ना, हे दोन बाजूंनी बघा. आत सिमेंटचं पाणी शिरू नये म्हणून तळाला कागदाचा बोळा दाबून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या भोकातून काढून टाका. ते भोक उघडं राहिलं पाहिजे. खांबाच्या आत उतरणारं पावसाचं पाणी तिथूनच निघून जातं. भोक बुजलं तर पाइपाच्या बुडाशी पाणी साचून राहतं आणि खांब आतून सडतो, ते बाहेरून कळतही नाही. सात दिवस बादल्यांवर ओलं गोणपाट ठेवा.

पाऊण इंची खांब या १ इंची तुकड्यात सरकवून बसतो, पण जेमतेम. जस्ताचा थर जाड असला की अडकतो. म्हणून पाइप घेताना दुकानातच एकात एक घालून बघा.

बादल्यांखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग घासलं जात नाही आणि पाणीही खालून वाहून जातं. गच्चीच्या पावसाळी पाइपाच्या जाळीपासून दोन फूट तरी दूर राहा. पालापाचोळा तिथे अडकला तर गच्चीचं तळं होतं.

(बोरिवली, गोराई, उत्तन, वसई अशा ठिकाणी ज्यांचं खरंखुरं परसदार आहे, त्यांना बादल्या नकोत. दीड ते दोन फूट खड्डा करा, तळाला खडी टाका आणि १ इंची तुकडे काँक्रीटमध्ये रोवा. बाकी सगळं जसंच्या तसं.)

कापणी आणि जोडणी

सात पाइपांतून हे तुकडे निघतात: साडेपाच फुटी खांब ३, साडेसात फुटी खांब ३, आठ फुटी वासे ३, नऊ फुटी आडवे ४, आणि तिरप्या आधाराचे पाच फुटी ४. कापणी अशी करा: दोन पाइपांतून प्रत्येकी ९+९; एकातून ८+५.५+५.५, एकातून ८+५.५+५; एकातून ८+५+५; एकातून ७.५+७.५, शेवटच्यातून ७.५+५. या क्रमानं कापलं तर शेवटी सात फुटांचा तुकडा शिल्लक राहतो. मनाला येईल तसं कापलं तर आठवा पाइप आणावा लागतो.

वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय उद्या सोसायटीनं गच्ची दुरुस्तीला काढली तर सांगाडा सुटा करता आला पाहिजे. सगळे सांधे एकावर एक पाइप ठेवून, आरपार बोल्टचे. छिद्राच्या जागी आधी पंच मारून खळगी करा, नाहीतर गोल पाइपावरून पातं घसरतं. मग साडेसहा मिमीचं पातं आणि तेलाचा थेंब. कापलेल्या टोकांना आणि छिद्रांना लगेच झिंक प्रायमर लावा.

वाशावर दोन छिद्रं येतात. पूर्वेच्या टोकापासून ६ इंचांवर पहिलं, तिथून पुढे ६ फूट ४ इंचांवर दुसरं. खांबांमधलं आडवं अंतर ६ फूट आणि उंचीतला फरक २ फूट असला की वाशाची तिरकी लांबी इतकीच भरते. पश्चिमेला सव्वा फुटाच्या आसपास वळचण सुटते, ती मुद्दाम ठेवलेली आहे, कारण तिकडूनच झड येते. तीनपैकी एक खांब-वासा जोड गच्चीवर आडवा मांडून आधी पक्का करा, त्यावरून बाकीच्या दोन्हींची छिद्रं पाडा.

खांब उभे करण्याआधी बादल्यांची मांडणी गुण्यात (काटकोनात) आहे का ते कर्ण मोजून बघा. चारही कोपऱ्यांच्या खांबांमध्ये दोन्ही कर्ण १० फूट पावणेदहा इंच आले पाहिजेत. अर्ध्या इंचाचा फरक चालतो. त्याहून जास्त असला तर फिल्म एका कोपऱ्यात कधीच ताठ बसणार नाही, कितीही ओढली तरी.

खांब बादलीत घाला आणि ५० मिमीचा बोल्ट आरपार टाका. मग वासे, मग दोन आडवे पाइप खांबांना, वाशांच्या चार बोटं खालून. उरलेले दोन नऊ फुटी पाइप वाशांच्या टोकांना, एक पश्चिमेच्या वळचणीला आणि एक पूर्वेला. हे काठाचे पाइप वाशांच्या खालून बांधा. वरून बांधले तर ते छपरावर बांधासारखे उभे राहतात आणि पाणी अडवतात. छपराच्या मधोमध कोणताही आडवा पाइप फिल्मला टेकता कामा नये, हेही त्याच कारणानं. शेवटी तिरपे आधार: दोन पश्चिम बाजूच्या कोपऱ्यांत, एकेक दोन्ही टोकांना. एका बोल्टवरचा सांधा फिरतो, त्याला जागच्या जागी धरतो तो हा तिरपा. तो जास्तीचा वाटला, अडचणीचा वाटला, तरी काढू नका.

काठाच्या पाइपांचे बोल्ट वाशावर डोकं काढतात. त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधा, नाहीतर पहिल्या वाऱ्यात फिल्मला तिथेच भोक पडतं. वाशांची वरची बाजू मेटल प्रायमर लावून पांढरी रंगवा. उन्हात तापलेल्या पाइपाला फिल्म जिथे टेकते तिथे ती आधी जीर्ण होते. पांढरा रंग तो ताप कमी करतो.

फिल्म चढवणं

मोसमी पाऊस मुंबईत पोचायची सरासरी तारीख ११ जून. फिल्म जूनच्या पहिल्या आठवड्यात चढवा. आधी चढवली तर आत भट्टी होते. वेळ सकाळी ९ ते ११ ची. तोवर हवा तापलेली असते, म्हणून फिल्म प्रसरण पावलेली असते, आणि समुद्रावरचा वारा अजून जोर धरलेला नसतो. पहाटेच्या गारव्यात ताणून बसवली तर दुपारी ती सैल पडून लोंबते. दुपारी वाऱ्यात चढवायला गेलात तर चार माणसांना आवरत नाही.

आधी दोरी. वाशा-वाशांमध्ये साडेचार फुटांचं अंतर आहे, त्यात उताराच्या दिशेनं दोन-दोन दोऱ्या काठाच्या पाइपांना ताणून बांधा. मग प्रोफाइल: दोन्ही टोकांचे वासे आणि दोन्ही काठाचे पाइप, दर फुटाला एक स्क्रू. फिल्मवर छापील ओळ असते, कोणती बाजू आत ठेवायची हे त्यावर लिहिलेलं असतं. उलटी घातली तर आतल्या बाजूनं थेंब धरतात आणि रोपांवर दिवसभर टपटपतात.

पूर्वेचा काठ आधी स्प्रिंगनं पक्का करा, मग दोघांनी पश्चिमेकडून सारखा ताण देत दुसरा काठ, आणि शेवटी दोन्ही बाजू, मधून कोपऱ्यांकडे. स्प्रिंग ओढून नाही, डावी-उजवीकडे हलवत दाबून बसवायची. ओढली की फिल्म चिरते. सगळं झाल्यावर फिल्मच्या वरून, खालच्या दोऱ्यांच्या मधोमध, आणखी दोऱ्या टाका. खालची दोरी झोळी होऊ देत नाही, वरची फडफड थांबवते. फिल्म फाटते ती पुष्कळदा वाऱ्याच्या जोरानं नाही, रात्रभर फडफडून फाटते.

प्रोफाइलचं बजेट नसेल तर ३२ मिमी काळ्या एचडीपीई पाइपाचे चार इंची तुकडे उभे चिरून घ्या आणि फिल्मसकट पाइपावर दाबून बसवा, दर नऊ इंचांना एक. दोन पावसाळे चालतं.

आता बाजू. पश्चिमेला पूर्ण उंचीची शेडनेट लावा, काठ दोरीवर दुमडून दर फुटाला बांधा. ती झडीचा मार आणि वाऱ्याचा वेग दोन्ही तोडते, हवा मात्र जाऊ देते. उत्तर-दक्षिण टोकांना कंबरेइतकी नेट पुरते. पूर्व बाजू उघडी ठेवा, तेच दार. कुठेही फिल्मची भिंत करू नका. चारी बाजूंनी फिल्म लावली तर पाऊस उघडून ऊन पडताच आतलं तापमान ४५ अंशांपुढे सहज जातं, आणि आतल्या दमट हवेत बुरशी दोन दिवसांत पानांवर उतरते.

वारा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. या छपराचं क्षेत्र पावणेसात चौरस मीटरच्या आसपास आहे. ताशी ५० किमीच्या झोतात ते वर उचलणारा जोर साधारण ८० किलो, ताशी १०० किमीला ३२० किलो. आपल्या बादल्या आणि सांगाडा मिळून ३२० च भरतात. म्हणजे रोजच्या पावसाळी वाऱ्याला भरपूर ताकद शिल्लक आहे, वादळाला मात्र काहीच नाही. ३ जून २०२० चं निसर्ग आणि १७ मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही चक्रीवादळं पावसाळ्याच्या तोंडावर आली होती. हवामान खात्याचा वादळाचा इशारा आला की स्प्रिंगा काढा, फिल्म गुंडाळा, नेटही उतरवा. वीस मिनिटांचं काम आहे. उघडा सांगाडा वाऱ्याला काही विरोध करत नाही. बोल्ट जास्त घट्ट केले, दोऱ्या जास्त बांधल्या म्हणून फिल्म वर ठेवायची, असं कधीही करू नका. गच्चीवरून उडालेला पाइप खाली रस्त्यावर पडतो.

पागोळ्यांचं पाणी

वळचणीला ४ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ बांधा, फिल्मला न टेकता, दहा फुटांत एक-दीड इंच उतार देऊन. १० मिलिमीटर पावसात साधारण ६० लिटर पाणी मिळतं. २०० लिटरचं पिंप चांगल्या सरीत तासाभरात भरतं. भरलेलं पिंप २०० किलोंच्या वर जातं, ते खालच्या मजल्याचा कॉलम किंवा भिंत जिथे आहे, गच्चीवर बरोबर त्याच जागी ठेवा. त्याला घट्ट झाकण आणि पाणी शिरतं त्या तोंडाला बारीक जाळी हवीच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. पालिकेचे लोक गच्च्या तपासतात, आणि तपासायलाच हव्यात. पन्हळीत साचलेला गाळही दर रविवारी काढा, डास तिथेही अंडी घालतात.

आवरणं बदलायची कधी आणि आत लावायचं काय

मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्या सुमाराच्या संध्याकाळच्या गडगडाटी सरी रोपं मोडतात, म्हणून फिल्म १५ ऑक्टोबरपर्यंत ठेवा, पण दुपारच्या उन्हासाठी तिच्यावरूनच शेडनेट पसरा. नंतर फिल्म काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी छप्पर उघडंच हवं. या दिवसांत सूर्य तिरपा असतो आणि भाज्यांना मिळेल तेवढं ऊन कमीच. मार्चच्या मध्यापासून ५० टक्के नेट पुन्हा वर. मेच्या मध्यावर सूर्य मुंबईच्या थेट डोक्यावर येतो. तेव्हा नेटशिवाय पालेभाजी दुपारी माना टाकते आणि सीमेंटच्या गच्चीची धग रात्रीपर्यंत उतरत नाही.

पावसाळ्यात या छपराखाली टोमॅटो पिकवायला जाऊ नका. झाड छान वाढेल, फुलंही येतील आणि गळून पडतील. रात्रीचं तापमान २४ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोला फळ धरत नाही, आणि मुंबईच्या जुलैच्या रात्री त्याहून गरम असतात. छपरानं पाऊस अडतो, उकाडा अडत नाही. या दिवसांत आत लावा मिरची, मेथी, पालक, कोथिंबीर. म्हणजे उघड्यावर कुजतं ते. अळू, गवती चहा, हळद बाहेर ठेवा, त्यांना पाऊसच हवा असतो.

या छपराची खरी कमाई ऑगस्टअखेर सुरू होते. टोमॅटो, वांगी, फ्लॉवर, कोबीचं बी २५ ऑगस्ट ते १० सप्टेंबरच्या दरम्यान ट्रेमध्ये टाका. उघड्यावर हे शक्यच नसतं, एका सरीत बी वाहून जातं. तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट खोल. २५ ते ३० दिवसांत रोप तयार होतं आणि पाऊस परततो तेव्हा ते पिशवीत जायला सज्ज असतं. मुंबईचा हिवाळा इतका तोकडा, की जे ऑक्टोबरअखेर बी टाकतात त्यांच्या टोमॅटोची फळं पोसेपर्यंत फेब्रुवारीचा उकाडा येतो. हा महिना-दीड महिना तुम्हाला छपरामुळे मिळालेला असतो.

काय बिघडतं

मुसळधार पावसात एकदा तरी आत उभं राहून वर बघा. फिल्मला कुठे तळहाताएवढा खोलगट भाग दिसला, त्यात पाणी थबकून हलताना दिसलं, तर ती पुढच्या फाटण्याची जागा. पाणी साचतं, वजनानं फिल्म ताणते, खोलगट भाग मोठा होतो, आणखी पाणी मावतं, आणि तासाभरात वीस-तीस लिटरची पखाल लोंबायला लागते. आतून झाडूच्या उलट्या टोकाला कापड गुंडाळून हलकेच वर ढकला, पाणी वाहून जाईल. मग पाऊस थांबल्यावर त्या भागाची स्प्रिंग काढून पुन्हा ताणा आणि खालून आणखी एक दोरी टाका. सुईनं भोक पाडून पाणी काढू नका, पुढच्या पावसात ते भोक वीतभर होतं.

धो धो पाऊस पडत असताना आतली रोपं तहानेनं सुकतात, हा दुसरा नेहमीचा घोळ. बाहेर चिखल असतो म्हणून पाणी द्यायचं ध्यानातच येत नाही. बोट मातीत दोन पेरं घाला, कोरडं लागलं तर द्या, आणि सकाळीच द्या. संध्याकाळी ओली केलेली पानं रात्रभर ओलीच राहतात.

रोप जमिनीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवं झालं तर ती मर. ट्रेमध्ये पाणी जास्त आणि हवा कमी. ट्रे जमिनीवरून उचलून पाइपांच्या तुकड्यांवर ठेवा, दाट उगवलेली रोपं विरळ करा, पुढच्या वेळी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. ट्रे धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढुरका थर दिसला, तर खत जास्त झालं. उघड्या कुंडीतलं खत पावसानं धुऊन जातं, म्हणून आपल्याला पावसाळ्यात जास्त खत टाकायची सवय असते. छपराखाली ते कुठेच जात नाही. खत निम्मं करा आणि महिन्यातून एकदा पिशवीतून भरपूर साधं पाणी वाहू द्या.

हिवाळ्यात फिल्म उतरवल्यावर पांढरी माशी टोमॅटोवर येते आणि पानं मुरडतात. तेव्हा ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीटकजाळी सांगाड्यावर टाकता येते, पण फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ती हवा बरीच अडवते, पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्या आत बुरशी माजते. वेलभाज्यांवर ती टाकू नका, मधमाश्या आत येऊ शकत नाहीत आणि काकडी धरत नाही.

फिल्म उतरवली की साबणाच्या पाण्यानं मऊ फडक्यानं पुसा. मुंबईच्या बांधकामाची धूळ आणि हिरवं शेवाळ मिळून उजेड बराच खातात. पूर्ण वाळवा. घड्या घालून ठेवू नका, उरलेल्या सात फुटी पाइपावर सैल गुंडाळा आणि जिन्याखाली सावलीत आडवी टांगा, म्हणजे उंदीर पोचत नाहीत. गुंडाळीवर चढवल्याची तारीख मार्करनं लिहा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ती फिल्म वाशाच्या रेषेवर नखानं दाबून बघा. पांढरी चीर उमटली तर नवी आणायची वेळ झाली. जुनीचे चांगले तुकडे कापून रोपांच्या ट्रेवर झाकायला ठेवा.